रिटायरमेंट होम म्हणजे नेमकं काय, आणि आपल्या खान्देशात त्याचं काय होणार

जळगाव, धुळे, भुसावळकडच्या कुठल्याही रिटायर माणसाच्या मोबाईलवर आजकाल एक जाहिरात येतेच येते. हिरवंगार लॉन, पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं, मागे क्लब हाऊस आणि खाली पुण्याजवळचा नाहीतर नाशिकचा पत्ता. बऱ्याचदा ती पोराने किंवा सुनेनेच फॉरवर्ड केलेली असते, सोबत एक ओळ, "आप्पा, एकदा बघून तर या". आणि आप्पांचं उत्तर ठरलेलं, "मी आठेच मरसू", म्हणजे मी इथेच मरेन. मग दोन दिवस अबोला. आता यात दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त बोलतात वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. पोरगा बोलतोय मदतीबद्दल, रात्री बाथरूममधे पडले तर उचलणार कोण याबद्दल, आणि आप्पा बोलतायत घराबद्दल, ओट्याबद्दल, समोरच्या नानांबद्दल. हा विषय समजून घ्यायचा असेल तर घर आणि मदत या दोन गोष्टी सुट्या करून बघायला लागतात, कारण जाहिरात विकते घर आणि आपल्याला खरी गरज पडते मदतीची.

आपल्याकडे सगळ्यालाच वृद्धाश्रम म्हणायची पद्धत आहे आणि तो शब्द निघाला की चर्चा तिथेच संपते, कारण चार लोक काय म्हणतील. तर वृद्धाश्रम हा मुळात धर्मादाय प्रकार, ज्याला कोणी नाही किंवा असून नसल्यासारखं आहे त्याच्यासाठी. सरकारने 1995 मधे मातोश्री वृद्धाश्रम योजना काढली, त्यात काही लोक फुकट आणि काही लोक थोडी फी भरून राहणार अशी सोय होती, अजूनही जिल्ह्याजिल्ह्यात असे आश्रम संस्था चालवतायत. एक खोली, तीन-चार पलंग, सकाळी चहा, संध्याकाळी भजन, आणि चालवणारे लोक चांगले असतील तर खरंच चांगलं चालतं. रिटायरमेंट होम हा वेगळा प्रकार, तो बाजारातला आहे. तिथे तुम्ही फ्लॅट विकत घेता किंवा मोठं डिपॉझिट देऊन राहता, स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप असतं, आणि दर महिन्याला मेंटेनन्स, जेवण, साफसफाई असे पैसे भरता. त्याच्या पुढची पायरी असिस्टेड लिव्हिंग, म्हणजे खोली तुमची पण आंघोळ घालायला, गोळ्या द्यायला, धरून चालवायला माणूस त्यांचा. त्याच्यापुढे स्मृतिभ्रंशवाल्यांसाठी वेगळा विभाग, आणि शेवटी पूर्ण नर्सिंग, जिथे माणूस अंथरुणाला खिळलेला आहे. जाहिरातीत बहुतेक वेळा फक्त पहिली पायरी दिसते, म्हणजे बॅडमिंटन खेळणारे आजोबा. बॅडमिंटन खेळता येणाऱ्या माणसाला रिटायरमेंट होमची गरज काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

कोणाला कुठली पायरी लागणार हे ठरवायची एक जुनी आणि साधी पद्धत आहे, डॉक्टर लोक अजून वापरतात. सिडनी कात्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1963 मधे सहा गोष्टी काढल्या: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीवर उठून बसणं, लघवी-संडासवर ताबा, आणि हाताने जेवणं. त्याच्या असं लक्षात आलं की या गोष्टी साधारण एका क्रमाने सुटतात, आंघोळीला मदत सगळ्यात आधी लागते आणि हाताने जेवणं सगळ्यात शेवटी सुटतं. पुढे 1969 मधे लॉटन आणि ब्रोडी या दोघांनी अजून आठ गोष्टींची यादी केली, ती घर चालवण्याची आहे: फोन लावणं, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, गोळ्या वेळेवर घेणं आणि पैशाचा हिशोब. आता दिवाळीला घरी आलात की आईकडे या नजरेने बघा. आई पुरणाचे मांडे अजून खापरावर टाकते म्हणून आपण खूश, पण बीपीची गोळी सकाळी घेतली का रात्री हे तिला सांगता येतं का, बँकेत पासबुक भरायला ती एकटी जाते का, हे आपण विचारतच नाही. दुसऱ्या यादीतल्या दोन-तीन गोष्टी सुटल्या असतील तर वृद्धाश्रम वगैरे काही लागत नाही, आठवड्यातून काही वेळा येणारं भरवशाचं माणूस लागतं. पहिल्या यादीतल्या दोन-तीन सुटल्या तर मात्र रोजचं माणूस लागतं, आणि सहाच्या सहा सुटल्या तर चोवीस तास, म्हणजे पाळ्यांनी दोन-तीन माणसं. खर्च कुठून कुठे जातो ते इथूनच कळतं, फ्लॅट किती स्क्वेअर फुटांचा याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

हे सगळं आलं कुठून तेही थोडं बघू, कारण बाहेरच्या देशांनी ज्या चुका पन्नास-साठ वर्षं केल्या त्याच आपण आता नव्याने करायला निघालोय. इंग्लंडमधे मध्ययुगापासून धर्मादाय घरं होती, आपल्याकडे धर्मशाळा असायच्या तशी, फक्त तिथे म्हातारे लोक कायमचे राहायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने जबाबदारी घेतली, पण बऱ्याच ठिकाणी जुन्या गरीबखान्यांच्याच इमारती रंग मारून वापरल्या. पीटर टाऊनसेंड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने तेव्हा इंग्लंड आणि वेल्समधल्या 173 संस्था फिरून बघितल्या आणि 1962 मधे जे लिहिलं त्याने लोक हादरले: मोठमोठे हॉल, ओळीने पलंग, स्वतःचं म्हणून काही नाही, दिवसभर काही काम नाही. त्याचं म्हणणं असं होतं की माणसाला घरीच मदत द्या, आणि अगदीच जमत नसेल तर छोट्या छोट्या घरांचा एक गट करा.

तो छोट्या घरांचा प्रकार इंग्लंडमधे खूप चालला, त्याला शेल्टर्ड हाऊसिंग म्हणतात. वीस-तीस छोटे फ्लॅट, प्रत्येकात ओढायची दोरी, आणि त्याच आवारात राहणारी एक वॉर्डन. दोरी ओढली की वॉर्डन येणार. वॉर्डन म्हणजे नर्स नाही बरं का, सकाळी दार वाजवून "आजी, ठीक ना?" विचारणारी बाई. आणि तीच त्या सगळ्या व्यवस्थेचा जीव होती. पुढे 2003 मधे या मदतीसाठी वेगळा सरकारी निधी आला, 2009 मधे तो फक्त याच कामाला वापरायची अट काढून टाकली, आणि मग नगरपालिकांनी पहिली कात्री कुठे लावली तर वॉर्डनला. इमारती तशाच उभ्या, दोरी तशीच लटकतेय, फक्त ती ओढल्यावर आवाज कुठल्यातरी लांबच्या कॉल सेंटरला जातो. म्हातारी माणसं याच्याविरुद्ध कोर्टात गेली होती तिकडे. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते: इमारत पाडायला कोणी येत नाही, पण माणूस काढून टाकायला एक मीटिंग पुरते.

अमेरिकेची गोष्ट वेगळी, तिथे बिल्डरने सुरुवात केली. डेल वेब नावाच्या बिल्डरने ॲरिझोनाच्या वाळवंटात 1 जानेवारी 1960 ला सन सिटी उघडली, गोल्फ, स्विमिंग पूल, पोराबाळांना राहायला बंदी, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच लाखभर लोक बघायला आले म्हणतात. आज आपल्या मोबाईलवर येणारी जाहिरात ही त्याचीच नातवंडं. पण पंचावन्नचं माणूस वीस-पंचवीस वर्षांनी ऐंशीचं होतं, मग गाडी चालवता येत नाही आणि गोल्फ कोर्स नुसता खिडकीतून बघायचा. नंतरच्या मोठ्या प्रकल्पांमधे म्हणूनच असिस्टेड लिव्हिंग आणि नर्सिंग एकाच कॅम्पसमधे बांधायला लागले.

असिस्टेड लिव्हिंग ही कल्पना मात्र एका लेकीची आहे. केरेन ब्राऊन विल्सन, तिच्या आईला पंचावन्नाव्या वर्षी स्ट्रोक आला आणि पुढची वर्षं नर्सिंग होममधे गेली. आईचं मागणं फार साधं होतं, स्वतःची छोटी खोली, स्वतःचं सामान, आणि दाराला आतून कुलूप. विल्सनने 1983 मधे ओरेगॉन राज्यात पोर्टलंडला तशी जागा उभी केली. दार आतून लावता येतं, कधी झोपायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि मदत मात्र नर्सिंग होमसारखी. त्यातली गंमत बघा, तिने नवं काही औषध शोधलं नाही, फक्त कुलूप आतल्या बाजूला बसवलं.

डेन्मार्कने तर 1980च्या दशकाच्या शेवटी कायदाच केला, जुन्या पद्धतीची नवीन नर्सिंग होम बांधायची नाहीत. घर वेगळं, मदत वेगळी. तुम्ही कुठेही राहा, मदत तुमच्या गरजेप्रमाणे येणार. जपानने 2000 पासून चाळीस वर्षांवरच्या प्रत्येकाकडून केअर इन्शुरन्सचा हप्ता घ्यायला सुरुवात केली, आणि म्हातारपणी माणसाची गरज तपासून पायऱ्या ठरवतात, त्या पायरीप्रमाणे मदत मिळते आणि थोडा खर्च स्वतः करायचा. आपल्याकडे असलं काहीच नाही. आपला केअर इन्शुरन्स म्हणजे थोरली सून, आणि ती आता हिंजवडीत नोकरी करते.

भारतात 2011 च्या जनगणनेत साठीच्या वरचे लोक साधारण 10 कोटी 40 लाख होते, शंभरात साडेआठच्या आसपास. युनोच्या लोकसंख्या निधीने 2023 मधे जो अंदाज दिला त्याप्रमाणे 2050 पर्यंत दर पाच माणसांत एक साठीच्या वरचा असेल. म्हणजे आज जे चाळिशीत आहेत आणि हे वाचतायत, तेच ते म्हातारे.

कायदा आहे आपल्याकडे, 2007 चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. यात तीन गोष्टी कामाच्या. एक, मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या ट्रिब्युनलकडे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारापर्यंत पोटगी मिळू शकते, आणि अर्जाची नोटीस गेल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा अशी अपेक्षा आहे. दोन, कलम 23. हे प्रत्येक शेतकरी घरात मोठ्याने वाचलं पाहिजे. आपल्याकडे साठी आली की घर, शेती पोरांच्या नावावर करून मोकळे होतात, मग आईची पाळी ठरते, चार महिने मोठ्याकडे, चार महिने मधल्याकडे. तर बक्षीसपत्र करताना त्यात "सांभाळ करण्याच्या अटीवर" असं स्पष्ट लिहिलं असेल आणि नंतर सांभाळ केला नाही, तर ट्रिब्युनल ते बक्षीसपत्र रद्द करू शकतं. अट लिहिलेली नसेल तर भांडण लांबतं, कोर्टाचे निकालही दोन्ही बाजूंचे आहेत, जानेवारी 2025 मधे सुप्रीम कोर्टाने हा कायदा म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं म्हटलंय पण आपण कशाला त्या भरवशावर राहायचं, एक ओळ लिहायला काय जातं. आणि तीन, कलम 19, प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निदान एक, किमान 150 लोकांचं वृद्धाश्रम. जळगाव, धुळे, नंदुरबार धरले तर साडेचारशे जागा झाल्या. पण कायद्यात शब्द असा आहे की राज्य सरकार असं वृद्धाश्रम काढू "शकेल", काढेल असं नाही, आणि सरकारी भाषेत या दोन शब्दांमधे पन्नास वर्षं मावतात.

बाजारातल्या घरांसाठी केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने 2019 मधे मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि घरबांधणीच्या धंद्यावर नजर ठेवणाऱ्या आपल्या राज्याच्या महारेराने 2024 मधे ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पांना बांधकामाचे नियम ठरवून दिले. ते नियम चांगले आहेत, आणि स्वतःच्या घराच्या रिपेरिंगलाही उपयोगी आहेत म्हणून सांगतो. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट पाहिजे, व्हीलचेअर फिरेल अशी. दार 900 मिलिमीटर म्हणजे साधारण तीन फूट मोकळं, जमलं तर सरकणारं. जिना 1500 मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना कठडा, एका दमात बारापेक्षा जास्त पायऱ्या नाहीत. बाथरूममधे धरायला दांडे आणि न घसरणारी फरशी, स्वयंपाकघरात गॅस गळतीचा अलार्म, लाईट गेली तर बॅकअप. आता हे वाचून आपल्या गावातलं धाब्याचं घर डोळ्यासमोर आणा. उंबरा गुडघ्याएवढा, माळवदावर जायचा लाकडी जिना जवळपास शिडीच, आणि संडास परसात. आपल्या घरांनी म्हाताऱ्यांचा विचार कधी केलाच नाही, कारण म्हातारं माणूस ओट्यावर बसणार आणि हाताला धरून न्यायला घरात दहा माणसं असणार हे गृहीत होतं.

पण महारेराची नजर असते ती बांधकामावर आणि विक्रीच्या करारावर. ताबा मिळाल्यावर आजीला आंघोळ घालायला येणारी मावशी शिकलेली आहे का, रात्री तीसजणांमागे किती माणसं ड्युटीवर आहेत, याच्यावर तशी नजर ठेवणारं कोणी नाही. 2019 च्या सूचनांमधे तीन जणांचा करार सुचवलाय, बिल्डर, सेवा देणारी कंपनी आणि घर घेणारा, म्हणजे बिल्डर निघून गेला तरी सेवा कोणी द्यायची ते कागदावर राहील. हा करार आहे का, हे क्लब हाऊस बघायच्या आधी विचारायचं.

पैशाचं गणित थोडं नीट बघू कारण इथेच लोक फसतात, आणि फसतात ते शिकलेलेच. घर तीन पद्धतीने मिळतं. सरळ विकत, त्यात घर तुमच्या नावावर आणि वारसांना मिळतं, पण बऱ्याच ठिकाणी पंचावन्नच्या खालच्या माणसाला राहता येत नाही, म्हणजे पोराला मिळेल पण त्याला विकायला किंवा भाड्याने द्यायलाही म्हातारंच गिऱ्हाईक शोधावं लागेल. दुसरी पद्धत डिपॉझिटची, राहेपर्यंत राहा, नंतर काही कापून बाकी परत, यात काय कापणार आणि किती दिवसात परत देणार हेच बघायचं. तिसरी, नुसतं महिन्याचं भाडं. आणि तिन्हीत महिन्याचा खर्च वेगळा. समजा आज जेवणासकट महिन्याला 20,000 सांगितले आणि दरवर्षी 8 टक्के वाढ. तर नऊ वर्षांत ते 40,000 होतात. आज सत्तरीत असलेलं माणूस तेव्हा एकोणऐंशीचं असेल, आणि बरोबर त्याच वेळी आंघोळीला माणूस लागायला सुरुवात होईल, त्याचे पैसे वेगळे.

आता सरकारी पेन्शनचं बघा, कारण आपल्याकडे रिटायर मास्तर, रेल्वेवाले, वरणगाव-भुसावळच्या फॅक्टरीवाले यांचीच जास्त चौकशी असते. जुन्या पद्धतीची पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या 50 टक्के, वर महागाई भत्ता. नवरा गेला की बायकोला सुरुवातीची काही वर्षं सोडली तर फॅमिली पेन्शन त्याच शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. म्हणजे पगार 80,000 आणि मूळ पेन्शन 40,000 असेल तर तिला 24,000. पण रिटायरमेंट होमचा खर्च दोघांवरून एकावर आला म्हणून अर्धा होत नाही, जेवणाचा एक डबा कमी होतो, मेंटेनन्स तेवढाच. आणि मागे राहणारी बहुतेक वेळा बाई असते, वयाने लहान, आयुष्य जास्त. तेव्हा घर बघायला जाल तेव्हा हिशोब आप्पांच्या पेन्शनवर करू नका, आईच्या फॅमिली पेन्शनवर करा. तिच्यात बसलं तरच ते घर तुमच्यासाठी आहे. सूतगिरणी, साखर कारखाना, सहकारी बँकवाल्यांचा तर विषयच सोडा, पीएफवाल्यांच्या ईपीएस 95 योजनेची किमान पेन्शन 2014 पासून महिन्याला हजार रुपये आहे, त्यात महिनाभराचा चहा-नाश्ता सुटेल. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार. घर गहाण टाकून बँकेने आपल्यालाच दरमहा पैसे द्यायचे अशी रिव्हर्स मॉर्गेज नावाची सोय 2007 पासून आहे, साठीच्या वरच्यांना मिळते, घर हयातीत सोडावं लागत नाही. पण आपल्याकडे घर गहाण टाकलं म्हटलं की भाऊबंदकीत बातमी होते, त्यामुळे फारसं कोणी त्या वाटेला जात नाही.

आता भविष्याचं. पुणे, बंगळूर, कोइमतूरला अशी मोठी संकुलं उभी राहिली, कोइमतूर तर या धंद्याचं गावच झालंय, आणि पुण्यात अथश्री सारखे प्रकल्प वीसेक वर्षांपासून चालू आहेत. तिथे खान्देशातलेही लोक राहतात, ज्यांची पोरं पुण्यातच आहेत त्यांच्यासाठी ठीकच आहे ते, रविवारी नातू भेटायला येतो. पण ज्यांची पोरं सुरतला उधन्यात आहेत, नाहीतर अमेरिकेत आहेत, त्यांनी पुण्याला जाऊन काय करायचं? तिथे ना अहिराणी बोलणारं कोणी, ना कळण्याची भाकरी, आणि कानबाईच्या सणाला गावात सगळी भाऊबंदकी गोळा झालेली असताना हे तिकडे तिसऱ्या मजल्यावर टीव्ही बघत. माझं मत विचाराल तर खान्देशात शंभर-दोनशे फ्लॅटचं सिनियर टाऊनशिप चालणार नाही आणि चालूही नये. इथे चालेल ते तालुक्याच्या गावाला पंधरा-वीस खोल्यांचं घर. चाळीसगावला एक, अमळनेरला एक, शहाद्याला एक. चालत जाऊन जुने शेजारी भेटतील, डॉक्टर ओळखीचा असेल, आणि गावातलं लग्न चुकणार नाही.

आणि बांधकाम इथल्या उन्हाचं पाहिजे. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, सत्तरीच्या माणसाला घाम आणि तहान दोन्ही कमी जाणवतात, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी अंगातलं पाणी अजून कमी होतं. पुण्याच्या आर्किटेक्टने काढलेली काचेची भिंत इथे माणूस मारेल. जाड भिंत, पडवी, गच्चीवर सावली, आणि कूलर. कूलरचं एक कोणी बोलत नाही, त्याच्यात दिवसातून दोनदा बादल्या कोण ओतणार? ऐंशीची आजी तर नाही ना. म्हणजे कूलरला नळाची लाईन पाहिजे, पाण्याची टाकी चार दिवस पुरेल एवढी पाहिजे, कारण काही गावांत पाणी येतंच चार-पाच दिवसाआड, आणि लाईट गेल्यावर पंखा चालेल एवढं इन्व्हर्टर. योगा हॉल नंतर बघू.

पण खरं मोठं काम घरं बांधण्याचं नाहीच. बहुतेक लोक स्वतःच्या घरातच म्हातारे होणार आहेत, तेव्हा मदत घरी पोचवणं हेच काम. बोस्टनमधे बीकन हिल म्हणून वस्ती आहे, तिथल्या म्हाताऱ्यांनी 2002 मधे एक साधी संस्था चालू केली, वर्षाची वर्गणी भरायची आणि त्यातून ऑफिसला एक माणूस ठेवायचा. नळ गळतोय, दवाखान्यात सोडायचंय, एकटं वाटतंय, एकाच नंबरला फोन. कोणी घर सोडलं नाही. केरळमधे गावोगावच्या लोकांनी आजारी माणसाला घरी जाऊन बघायचं जाळं उभं केलं, नर्स गाडीने येते आणि सोबत गल्लीतले स्वयंसेवक. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ गावोगावी आहेत, कोजागरीला दूध आणि वार्षिक सहल करतात, त्याच संघांनी असा एक फोन आणि एक पगारी माणूस ठेवला तर अर्धं काम तिथेच होईल. गल्लीत विधवा, परित्यक्ता बायका कामाच्या शोधात असतात, त्यांना आंघोळ घालणं, उचलणं, जखम बघणं याचं नीट ट्रेनिंग आणि नीट पगार मिळाला तर दोन्हीकडचा प्रश्न सुटतो. आज कामाला माणसं पुरवणारा ब्युरो एखादी बाई पाठवतो, ती पंधरा दिवसांनी निघून जाते, आणि दोष तिचाच निघतो, पगार कोणी विचारत नाही. घड्याळं, सेन्सर, कॅमेरे येतायत ते येऊ द्या, पडलं की पोराला मेसेज जाईल, पण पोरगा बंगळूरला बसून उचलणार कसा?

नंदुरबारचा भाग यातून अजूनच वेगळा. धडगाव, अक्कलकुव्याकडची जवान माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातमधे जातात आणि पाड्यावर राहतात आजी-आजोबा आणि नातवंडं. तिथे रिटायरमेंट हा शब्दच लागू नाही, आजी पंचाहत्तरीतही लाकडं आणते. तिथे मदत म्हणजे आशाताई, रेशन आणि वेळेवर येणारी पेन्शन.

मग आत्ता लगेच काय करायचं? तुमची चौकशी चालू असेल तर जागा बघायला रविवारी जाऊ नका, त्या दिवशी सगळं चकाचक असतं, मंगळवारी रात्री आठला जा आणि ड्युटीवर किती माणसं आहेत ते मोजा. तिथे राहणाऱ्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बोला, ऑफिसमधल्या माणसाशी नंतर. आणि एक प्रश्न लेखी विचारा: खुब्याचं हाड मोडलं किंवा माणसं ओळखेनाशी झाली, तर इथेच ठेवणार का "तुमच्या पेशंटला घेऊन जा" म्हणून फोन करणार? करारात हे कलम बहुतेक शेवटच्या पानांवर असतं, बारीक अक्षरात. आप्पांनी जागेवरून हलायचंच नाही ठरवलं असेल तर निदान कमोड बसवा, बाथरूममधे दोन दांडे आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा लावा, आईची गादी खालच्या मजल्यावर आणा. सत्तरीच्या वर असतील तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड काढून घ्या, 2024 च्या ऑक्टोबरपासून पाच लाखापर्यंतचं उपचाराचं कव्हर आहे, अर्थात ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं, घरी मावशी ठेवायला त्यातून काही मिळत नाही. आणि कोणाशीच बोलता येत नसेल तर ज्येष्ठांसाठी 14567 हा सरकारी फोन नंबर आहे, फुकट लागतो, मराठीत बोलतात, तो आईच्या फोनमधे तिच्या समोर बसून सेव्ह करा, मोठ्या अक्षरात, आणि एकदा तिलाच लावायला सांगा.